तारुण्य दिले, अनुभव घेतला: जुन्या अदलाबदलीचा निकाल कसा लावावा

आयपीएलचा पहिला मोसम २००८ मध्ये झाला आणि दुसरा सुरू होण्याआधी, २००९च्या सुरुवातीला, मुंबई इंडियन्सने दोन अदलाबदली केल्या. एकीत रॉबिन उथप्पाला बंगळूरच्या संघाला देऊन त्याच्या जागी झहीर खानला घेतले. दुसरीत आशिष नेहराला दिल्लीला देऊन शिखर धवनला आणले. उथप्पा आणि धवन तेव्हा दोघेही २३ वर्षांचे होते, झहीर ३० वर्षांचा आणि नेहरा २९चा. म्हणजे एकाच संघाने, एकाच वेळी, एका हाताने तारुण्य देऊन अनुभव घेतला आणि दुसऱ्या हाताने अनुभव देऊन तारुण्य घेतले. जुन्या अदलाबदलींचा निकाल कसा लावावा हे शिकायचे असेल, तर याहून सोयीचे उदाहरण भारतीय खेळात सापडणे अवघड. गल्लीतल्या कट्ट्यापासून वर्तमानपत्राच्या क्रीडा पानापर्यंत असे निकाल रोज लागतात आणि बहुतेक वेळा एकाच चुकीच्या वाटेने लागतात. ती वाट कोणती आणि तिच्याऐवजी कोणती धरावी, हे या दोन व्यवहारांच्या आधाराने पाहू.

चुकीची वाट अशी. चौघांची पुढची कारकीर्द डोळ्यांसमोर आणायची आणि कोण मोठा ठरला ते पाहून नफा-तोटा सांगून मोकळे व्हायचे. उथप्पाने २०१४ मध्ये कोलकात्याकडून ६६० धावा काढून ऑरेंज कॅप मिळवली आणि त्याचा संघ विजेता झाला, म्हणून मुंबईने त्याला सोडून चूक केली. धवन २०१३ पासून भारताचा भरवशाचा सलामीवीर झाला, म्हणून त्याला घेणे ही दूरदृष्टी. झहीरने २०११च्या विश्वचषकात २१ बळी घेतले, म्हणून त्याला घेणेही बरोबर. ही तिन्ही वाक्ये ऐकायला पटतात, पण त्या व्यवहाराबद्दल एकही काही सांगत नाही. २०१४ मधल्या ६६० धावांतली एकही धाव बंगळूरच्या खात्यात पडली नाही. धवनच्या भारतासाठीच्या शतकांनी मुंबई इंडियन्सला एक गुणही दिला नाही. झहीरचे विश्वचषकातले बळी भारताचे होते आणि तो मुंबईत खेळत असता काय, बंगळुरात खेळत असता काय, ते तसेच पडले असते.

म्हणून पहिला प्रश्न वयाचा नसतो, मुदतीचा असतो. संघ खेळाडूचे तारुण्य विकत घेत नाही, त्याचे काही मोसम विकत घेतो. आयपीएलच्या पहिल्या लिलावातले करार तीन वर्षांचे होते: २००८, २००९ आणि २०१०. त्यातले एक वर्ष अदलाबदलीच्या वेळी संपलेले होते. मुंबईने बंगळूरला जे दिले ते २३ वर्षांच्या फलंदाजाचे उरलेले आयुष्य नव्हते, दोन मोसम होते. मिळाले तेही एका डावखुऱ्या वेगवान गोलंदाजाचे दोन मोसमच. जानेवारी २०११ मध्ये पुन्हा मोठा लिलाव झाला आणि सगळा डाव नव्याने मांडला गेला. त्यात उथप्पा २१ लाख डॉलरला नव्या पुणे वॉरियर्सकडे गेला, नेहराही पुण्याकडेच गेला, धवन हैदराबादच्या डेक्कन चार्जर्सकडे आणि झहीर नऊ लाख डॉलरला परत बंगळूरकडे! ज्या संघाने त्याला दोन वर्षांपूर्वी दिले होते, त्यानेच पैसे मोजून त्याला परत आणले. अदलाबदलीच्या टीकाकारांना ही गोष्ट सहसा आठवत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. तरुण खेळाडू वाढतो, ती वाढ मोजायची नाही का? मोजायची, पण ज्याच्या हाती ती राहणार असेल त्याच्याच खात्यात. २०११च्या लिलावाआधी प्रत्येक संघाला चार खेळाडू राखून ठेवण्याची मुभा होती, म्हणजे उथप्पाला पुढेही ठेवण्याचा हक्क बंगळूरकडे होता. तो त्यांनी वापरला नाही. त्यांनी एकटा विराट कोहली राखला. मुंबईने सचिन तेंडुलकर, हरभजन सिंग, मलिंगा आणि पोलार्ड असे चार राखले. धवनचे नाव त्यात नव्हते. दोन्ही संघांनी आपल्याकडच्या तरुणाला वाढीची वेळ आली तेव्हा सोडून दिले, मग ती वाढ गमावल्याचा दोष त्या आधीच्या अदलाबदलीवर कसा टाकायचा? टाकायचा असेल तर तो २०११च्या राखणीच्या निर्णयावर टाका. तो वेगळा खटला आहे.

दुसरी गोष्ट त्या दिवशी काय माहीत होते याची. उत्तरकाळ पाहून पूर्वकाळाला दोषी धरण्याची खोड केवळ खेळात नाही. जव्हारजवळच्या शिरपामाळाचेच पाहा. १६६४ मध्ये सुरतेवर जाताना शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला आणि जव्हारचा राजा विक्रमशहा याने त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढवला, अशी परंपरा इथे सांगितली जाते. माळाचे नाव त्यावरूनच. पुढे १६७२ मध्ये महाराजांच्याच वतीने मोरोपंत पिंगळ्यांनी जव्हार जिंकून घेतले आणि विक्रमशहाला राज्य सोडावे लागले. आता १६७२ हातात धरून १६६४ला ‘पाहा, सन्मान करून काय मिळवले’ असे विचारणे सोपे आहे. पण विक्रमशहाच्या हातात त्या मुक्कामाच्या दिवशी १६७२ नव्हते. दारात आलेल्या फौजेला विरोध करायचा, वाट द्यायची की मान द्यायचा, एवढेच त्याच्यापुढे होते. तो निर्णय त्या दिवसाच्या माहितीवर तोलायचा आणि आठ वर्षांत पुढे काय बिघडले ते निराळे तपासायचे. खेळातल्या व्यवहारालाही हाच न्याय लावला पाहिजे.

तर २००९च्या सुरुवातीला मुंबईच्या व्यवस्थापनाला काय दिसत होते? पहिल्या मोसमात संघ पाचवा आला होता, उपांत्य फेरी थोडक्यात हुकली होती. कर्णधार तेंडुलकर दुखापतीमुळे सुरुवातीचे सामने खेळला नव्हता, हरभजनवर मोसमाच्या आरंभीच बंदी आली होती आणि संघ सावरला तो शॉन पोलॉकच्या हाताखाली. तो पोलॉक आता खेळाडू म्हणून निवृत्त झाला होता. मलिंगा पहिला मोसम दुखापतीमुळे खेळलाच नव्हता. म्हणजे नव्या चेंडूची बाजू उघडी पडली होती. त्यात नियम असा की अकरांत परदेशी चौघेच चालतात. मलिंगा, जयसूर्या असे परदेशी आधीच हाताशी असताना परदेशी वेगवान गोलंदाज आणखी वाढवला, तर फलंदाजीत कोणाला तरी बसवावे लागले असते. हवा होता तो भारतीय वेगवान गोलंदाज आणि भारतात त्या दर्जाचे गोलंदाज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. झहीर त्या वेळी ऐन भरात होता. २००८च्या डिसेंबरात इंग्लंडविरुद्धच्या कसोटी मालिकेचा तो मानकरी ठरला होता. श्रीरामपूरचा हा गडी रणजीतही बडोद्याहून मुंबईकडे आला होता, म्हणजे वानखेडेही त्याला परके नव्हते. उलट उथप्पा २००८च्या उन्हाळ्यानंतर भारतीय संघाबाहेर गेला होता. त्याने मुंबईसाठी पहिल्या मोसमात तीनशेवर धावा केल्या होत्या, आणि पहिल्या लिलावात त्याची किंमत आठ लाख डॉलर लागली होती, झहीरची साडेचार लाख. ही किंमत पाहून ‘आठ लाखांचा माल साडेचार लाखांना दिला’ असे म्हणणारे त्या वेळीही होते. पण लिलावातली किंमत ही त्या दिवशी किती जण हात वर करत होते याची नोंद असते, तुमच्या संघाला कशाची गरज आहे याची नव्हे.

गरज आणि टंचाई या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या की तिसरा प्रश्न आपोआप उभा राहतो: जो दिला त्याची जागा कोण भरणार आणि ती किती अवघड? याचे उत्तर पुढच्या दोन मोसमांत मिळाले. लिलावाच्या झगमगाटाबाहेरचे, भारतासाठी तोवर एकही सामना न खेळलेले दोन फलंदाज मुंबईने २०१० मध्ये मधल्या फळीत वापरले. सौरभ तिवारीने ४१९ धावा केल्या, अंबाती रायुडूने ३५६. त्याच मोसमात उथप्पाने बंगळूरसाठी ३७४ धावा केल्या आणि त्याही भन्नाट वेगाने, शंभर चेंडूंमागे १७०हून अधिक. उथप्पा त्या वर्षी सुंदर खेळला, ते नाकारायचे कारण नाही. पण मुंबईला त्याची उणीव भासली का, हा प्रश्न वेगळा आहे आणि तिवारी-रायुडूंच्या धावा पाहिल्या की उत्तर ‘फारशी नाही’ असे येते. झहीरच्या जागी तेवढ्याच स्वस्तात कोण भारतीय मिळाला असता? त्याने २०१० मध्ये १५ बळी घेतले, मुंबईने साखळीत चौदापैकी दहा सामने जिंकून गुणतालिकेत पहिले स्थान घेतले आणि उपांत्य सामन्यात नेमके बंगळूरलाच हरवून अंतिम फेरी गाठली. २५ एप्रिल २०१०ला नवी मुंबईत डी. वाय. पाटील मैदानावर चेन्नईने २२ धावांनी हरवले, तो भाग सोडा.

इथे प्रामाणिकपणे थांबले पाहिजे, कारण मी सोयीचा मोसम आधी सांगितला. २००९चा मोसम मुंबईसाठी वाईट गेला. लोकसभा निवडणुकीमुळे स्पर्धा ऐनवेळी दक्षिण आफ्रिकेत हलवली गेली, झहीरचा खांदा दुखावला, पुढे त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली आणि मुंबई पाच विजयांसह सातव्या क्रमांकावर फेकली गेली. हे दैव म्हणावे की चूक? माझ्या मते दोन्ही आणि त्यांची फोड करणे हेच निकाल देणाऱ्याचे खरे काम. स्पर्धा परदेशी जाईल हे मार्च २००९ पर्यंत कोणालाच ठाऊक नव्हते. ते दैव, त्यासाठी कोणालाही गुण द्यायचे नाहीत, कापायचेही नाहीत. खांद्याची दुखापत मात्र निखळ दैव नव्हे. तिशीतला वेगवान गोलंदाज दुखापतीचा धोका सोबत घेऊनच येतो आणि झहीर २००७च्या अखेरीस ऑस्ट्रेलिया दौऱ्यातून पहिल्या कसोटीनंतर दुखापतीमुळेच परतला होता. हे माहीत होते. अनुभव घेताना त्याच्या किमतीत न खेळलेले सामनेही धरावे लागतात. ज्यांनी दोन पूर्ण मोसम मिळतील असे गृहीत धरले असेल, त्यांचा अंदाज ढोबळ होता. दीड मोसम मिळेल असे धरून व्यवहार केला असेल, तर तो साधारण अपेक्षेप्रमाणे उतरला. एकूण पाहता मुंबईच्या बाजूने हा व्यवहार किंचित फायद्याचा, आणि विचार म्हणून चोख, असे माझे मत आहे.

आता दुसरी अदलाबदल, जिच्याकडे लोक कौतुकाने पाहतात. नेहराला देऊन धवन घेतला. म्हातारपण दिले, तारुण्य आणले. पुढे तोच धवन केवढा मोठा झाला! पण त्या दोन मोसमांत मुंबईला काय मिळाले? पहिल्या वर्षी धवन मोजकेच सामने खेळला आणि त्याच्या बॅटमधून नावाला धावा आल्या. दुसऱ्या वर्षी दोनशेही गाठता आल्या नाहीत. इकडे नेहराने २००९ मध्ये दिल्लीसाठी १९ बळी घेतले, दिल्ली साखळीत पहिली आली आणि नेहरा त्याच वर्षी भारताच्या एकदिवसीय संघात परतला. पुढच्या मोसमात दुखापतीने त्याला पुन्हा गाठले, तरी एका मोसमाचे माप पुरेसे झाले होते. तुम्ही म्हणाल, नेहराचे शरीर साथ देत नाही हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होते, धवनने तर दिल्लीसाठी तीनशेवर धावा काढल्या होत्या, मग त्या दिवसाच्या माहितीवर हा व्यवहार बरा नव्हता का? अर्धा बरा होता. पण एक गोष्ट त्या दिवशीही उघड होती: धवन सलामीवीर आणि मुंबईची सलामी तेंडुलकर-जयसूर्या करत होते. ज्या जागेवर माणसे बसलेली आहेत तिथला तिसरा माणूस घेतला आणि ज्या जागेवर माणसे नाहीत तिथला, म्हणजे डावखुरा भारतीय वेगवान गोलंदाज, देऊन टाकला. दिल्लीकडे सेहवाग-गंभीर होते, त्यांना धवन जड झाला नव्हता तर जास्तीचा होता. त्यांनी जास्तीचे दिले आणि कमी असलेले घेतले. तरुण-अनुभवी हा भेद बाजूला ठेवून ‘जास्तीचे कोणी दिले, कमी पडणारे कोणी घेतले’ असे विचारले की दोन्ही व्यवहार एका ओळीत समजतात. पहिल्यात मुंबई शहाणी ठरते, दुसऱ्यात दिल्ली.

काही वाचक गुणतालिका पुढे करतील. बंगळूर २००८ मध्ये सातवे होते, उथप्पा आल्यावर २००९ मध्ये अंतिम फेरीत गेले, डेक्कनकडून अवघ्या सहा धावांनी हरले. मग उथप्पाचा व्यवहार त्यांना लाभला नाही कसे म्हणता? तालिका पाहायचीच तर पूर्ण पाहा. २००९ मध्ये उथप्पाने १५ सामन्यांत १७५ धावा केल्या. संघ वर काढला तो प्रामुख्याने ३८ वर्षांच्या अनिल कुंबळेने. त्याने मोसमात २१ बळी घेतले, राजस्थानविरुद्ध पाच धावांत पाच आणि अंतिम सामन्यात १६ धावांत चार. समोरच्या डेक्कनचा कर्णधार ३७ वर्षांचा गिलख्रिस्ट होता. मग अनुभवच जिंकतो, असे म्हणायचे का? तेही नको. त्याच डेक्कनला तेविशीतल्या आर. पी. सिंगने सर्वाधिक २३ बळी दिले आणि बावीस वर्षांच्या रोहित शर्माने मुंबईविरुद्ध हॅट्‌ट्रिक घेतली. संघाच्या क्रमांकात अकरा-पंधरा जणांचा हात असतो. त्यावरून एका अदलाबदलीचा निकाल लावणे म्हणजे भातशेतीच्या एकूण उताऱ्यावरून एका बांधाची परीक्षा करणे. आणि मुंबईने पुढे २०१३ पासून जी विजेतेपदे मिळवली ती तर या चर्चेत आणूच नयेत. तोवर या दोन्ही व्यवहारांची मुदत केव्हाच संपली होती.

अनुभवी खेळाडू ‘ड्रेसिंग रूममध्ये जे देतो ते आकड्यांत दिसत नाही’ हा युक्तिवादही नेहमीचा. तो खोटा नाही, पण तो फार स्वस्तात वापरला जातो. ज्येष्ठ खेळाडू मैदानावर अपयशी ठरला की त्याचे समर्थक लगेच न दिसणाऱ्या लाभाकडे वळतात. तो लाभ मान्य करण्याआधी दोन गोष्टी मागाव्यात. शिकणारा कोण होता, त्याचे नाव सांगा. आणि त्याच्या खेळात त्यानंतर काय बदलले, ते दाखवा. शिकायला त्याच प्रकारचा तरुण गोलंदाज संघातच नसेल, तर शिकवण कोणाला मिळाली? हे दोन्ही सांगता आले तर गुण द्या, नाही तर तो रकाना कोरा ठेवा. कोरा म्हणजे शून्य नव्हे, पण शंभरही नव्हे.

माझ्या मुदतीच्या कसोटीला सगळ्यांत मोठे आव्हान क्रिकेटमधून नव्हे, बास्केटबॉलमधून येते. २०१३च्या उन्हाळ्यात अमेरिकेच्या एनबीए स्पर्धेतल्या ब्रुकलिन नेट्सने बोस्टन सेल्टिक्सकडून ३७ वर्षांचा केविन गार्नेट, ३५ वर्षांचा पॉल पिअर्स आणि जेसन टेरी यांना घेतले. बदल्यात त्यांनी इतर खेळाडूंबरोबरच २०१४, २०१६ आणि २०१८चे पहिल्या फेरीतले निवडीचे हक्क दिले आणि २०१७ मध्ये आपला क्रमांक बोस्टनच्या क्रमांकाशी बदलून देण्याचेही मान्य केले. तिथे नव्या खेळाडूंची निवड क्रमाने होते आणि हरणाऱ्या संघांना वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता जास्त असते. नेट्स पहिल्या वर्षी दुसऱ्या फेरीत मायामीकडून हरले, पिअर्स एका वर्षात गेला, गार्नेट दीड वर्षात. पुढे नेट्स तळाला गेले आणि त्यांच्या तळाला जाण्याचे फळ बोस्टनला मिळाले. २०१६च्या हक्कातून जेलन ब्राउन आला, २०१७च्या अदलाबदलीतून हाती आलेल्या पहिल्या क्रमांकाचा आणखी एक व्यवहार करून जेसन टेटम आला. या दोघांच्या जोरावर बोस्टनने २०२४चे विजेतेपद मिळवले. इथे अकरा वर्षांनंतरचे फळ व्यवहाराच्या खात्यात धरणे योग्य आहे का? बरेचसे आहे, कारण नेट्सने दिलेच होते ते भविष्य. मुदत त्यांनी स्वतः २०१८ पर्यंत लांबवली होती, तीही एखादा हक्क फारच वरचा निघाला तर तो आपल्याकडे राहील अशी अट न घालता. टेटमच निवडला जाईल हे कोणाला माहीत नव्हते, त्यामुळे टेटमच्या थोरवीचा दोष नेट्सवर नको. पण ३७ आणि ३५ वर्षांचे खेळाडू २०१६ पर्यंत टिकणार नाहीत आणि ते गेल्यावर संघ पडेल, हे २०१३ मध्येही साध्या बेरजेने कळत होते. घेतलेल्याची मुदत एक-दोन वर्षे, दिलेल्याची पाच. मुंबईच्या व्यवहारात दोन्ही बाजूंची मुदत सारखी होती. नेट्सच्या व्यवहारात ती नव्हती आणि तिथेच तो फसला. वयाच्या आकड्यात तो फसला नव्हता.

याच मापाने तुम्हाला तुमच्या तालुक्यातल्या संघाचेही जुने निर्णय तपासता येतील. जव्हार-मोखाड्यात खेळाडूंचे लिलाव नसतात, पण कबड्डीच्या किंवा टेनिस बॉलच्या संघात उमद्या पोराला बसवून जुन्या जाणत्याला खेळवले, किंवा उलटे केले, यावर वर्षानुवर्षे वाद चालतात. अशा वादात आधी विचारा की तो निर्णय एका स्पर्धेसाठी होता की पुढच्या तीन वर्षांसाठी. एका स्पर्धेसाठी असेल तर ‘त्या पोराचे भविष्य मारले’ हा आरोप तपासताना तो पोरगा पुढच्या वर्षी गावात असणारच होता का, हेही बघा. भात निघून दिवाळी झाली की इथली कितीतरी घरे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर कामाला उतरतात, आणि जानेवारीतल्या स्पर्धेला सोळा-सतरा वर्षांचा चढाईपटू मैदानात असेलच असे नाही. मग त्या जागेला दुसरा कोण होता ते विचारा: चढाई करणारे पाच आणि कोपरा सांभाळणारा एकच असेल, तर कोपऱ्यावरचा चाळिशीतला माणूस चढाईतल्या विशीतल्यापेक्षा मोलाचा. आणि पुढच्या वेळी निर्णय घेताना संघाच्या वहीत चार ओळी त्याच दिवशी लिहून ठेवा: कशासाठी घेतला, किती दिवसांसाठी घेतला, काय बिघडू शकते आणि हिशेब कोणत्या तारखेला करायचा. त्या तारखेच्या आधी कोणी निकाल मागितला तर वही उघडू नका, आणि त्या तारखेनंतर पाच वर्षांनी तो पोरगा जिल्ह्याच्या संघात गेला म्हणून ती पुन्हा उघडू नका.